सावधान म्हणण्याचा परवाना

आपल्याकडे लग्न लावायला परवाना लागत नाही. घरचे गुरुजी असतात, नाहीतर कार्यालयवाले गाठून देतात. मुहूर्त साधला, पंगतीला उशीर झाला नाही, म्हणजे झालं! महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याप्रमाणे लग्नाची नोंदणी करायची तर त्या अर्जावर गुरुजींची सही लागते, तेवढाच काय तो त्यांचा सरकारशी संबंध. हिंदू विवाह कायदा तर १९५५ पासून सांगतो आहे की जिथे सप्तपदीची चाल आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पुरं झालं. ती पावलं कुणी चालवली, त्याच्याजवळ कसला कागद होता, याची तो चौकशी करत नाही.

म्हणूनच, मी मेलबर्नमध्ये लग्नं लावते, त्यासाठी माझं नाव सरकारदरबारी नोंदलेलं आहे आणि ते तसं राहावं म्हणून मला दर वर्षी पैसे भरावे लागतात, असं सांगितलं की सांगली-कराडकडच्या माझ्या बहिणींना आणि जावांना हसू फुटतं. सासूबाई आता सत्त्याऐंशीच्या आहेत, पण फोनवर एकेक प्रश्न असा टाकतात की वकिलाने ऐकावं.

"म्हणजे गाडीच्या लायसनसारखं का गं?"

"साधारण तसंच."

"मग टेस्ट घेतात? भटजीची?"

परीक्षा घेतात, पण ती सुरुवातीला. नंतर दर वर्षी प्रशिक्षण करावं लागतं आणि फी भरावी लागते. फी नाही भरली तर नाव यादीतून जातं. मग आदल्या दिवशीपर्यंत तुम्ही कितीही लग्नं लावलेली असोत, पुन्हा पहिल्यापासून अर्ज.

तिकडे या कामाला 'सेलिब्रंट' म्हणतात. मराठीत मला त्याला चांगला शब्द अजून सापडलेला नाही. 'विवाह अधिकारी' म्हटलं की कोर्टातली धुळकट खोली डोळ्यांसमोर येते आणि 'भटजीण' म्हटलं तर लोक माझ्याकडे पंचांग मागतात. ऑस्ट्रेलियात पूर्वी लग्न एकतर चर्चमध्ये व्हायचं, नाहीतर सरकारी कचेरीत. १९७३ साली लायोनेल मर्फी नावाचे ॲटर्नी जनरल होते, त्यांच्या मनात आलं की ज्यांना चर्च नको त्यांनी कचेरीतच का उरकायचं? १९ जुलै १९७३ रोजी त्यांनी क्वीन्सलंडमधल्या लोइस डार्सी नावाच्या तरुण बाईंना पहिल्या नागरी सेलिब्रंट म्हणून नेमलं. खात्यातल्या लोकांना ही कल्पना पसंत नव्हती. म्हणून मर्फींनी ते पत्र स्वतः टाईप केलं आणि स्वतःच पोस्टात टाकलं, असं सांगतात. आज तिथली दहांतली आठ लग्नं तरी आमच्यासारखे नागरी सेलिब्रंट लावतात. बागेत, समुद्रावर, कुणाच्या परसातल्या कपडे वाळत घालायच्या तारांखाली, कुठेही.

हे वाचलं तेव्हा मला आपल्याकडचं आठवलं. मर्फींच्या आधी बरोबर शंभर वर्षं, २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक पद्धतीचं पहिलं लग्न लागलं, भटजींवाचून. जोतीरावांनी रचलेल्या विधीत वधू आणि वर एकमेकांशी बोलतात, आणि वधू बायकांच्या हक्कांबद्दल बोलते! दीडशे वर्षांपूर्वी! आणि पुण्यातच १९७० च्या दशकात उद्यान कार्यालयाच्या थत्तेमामांनी बायकांना पौरोहित्य शिकवायला घेतलं, पुढे ज्ञान प्रबोधिनीनेही शिकवलं. तेव्हा लग्न कुणी लावायचं हा वाद आपल्याला काही नवा नाही. फक्त आपण तो दक्षिणेवरून आणि जातीवरून घातला, त्यांनी कागदावरून घातला.

मी यात शिरले ते पुण्य मिळवायला नव्हे. मुलगा कॉलेजात गेला, घर रिकामं झालं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं होतं, गुरुजी होते, मंत्र होते, मांडव होता. पण त्या गुरुजींची तिथल्या सरकारात नोंद नव्हती. म्हणजे होमाभोवती साता जन्मांच्या गाठी पडल्या तरी कायद्याच्या लेखी मुलगी अविवाहितच! मग एक गोऱ्या बाई आल्या, कोपऱ्यात उभ्या राहून पाच मिनिटांत इंग्रजीत काही बोलल्या, सह्या घेतल्या आणि गेल्या. मुलीच्या आजीने मला विचारलं, "या कोण? पोस्टातल्या का?" मला वाटलं, हे पाच मिनिटांचं काम मराठीत आणि मांडवाच्या मधोमध करता येईल की! घरी आल्यावर मी ह्यांना म्हटलं, मला हे शिकायचंय. हे म्हणाले, "बघ बाई, मला दुसरं लग्न करायचं झालं तर घरचंच काम होईल." अशा थट्टेवर मी छत्तीस वर्षं काढली आहेत.

एक कोर्स केला, मुलाखत दिली आणि २०१२ साली माझं नाव यादीत लागलं. तेव्हा वार्षिक फी नव्हती. ती २०१४ च्या जुलैपासून सुरू झाली, २४० डॉलर. बिल आलं की ६० दिवसांत भरायचं. आमचे हे इंजिनिअर माणूस, त्यांनी लगेच वहीत हिशेब मांडला. वर्षाला सहा-सात लग्नं, त्यात पेट्रोल, माइक आणि स्पीकर, विमा, प्रशिक्षणाची फी, शिवाय प्रत्येक लग्नाला मी नेसते ती साडी ड्रायक्लीनला. शेवटी हाती काय, तर एक बरीशी पैठणी. "ती मीच तुला घेऊन देतो," हे म्हणाले, "शनिवार तरी घरी राहशील." हिशेब अगदी बरोबर होता.

पण त्या २४० डॉलरमध्ये मी काय विकत घेते ते त्या वहीत नव्हतं. तिथल्या कायद्याप्रमाणे सेलिब्रंटने लग्नाच्या वेळी काही ठरावीक वाक्यं मोठ्याने म्हणायचीच असतात. त्यातलं पहिलं असं, की मला कायद्याने विवाह लावण्याचा अधिकार दिलेला आहे. मग वधूवरांना त्या नात्याच्या गांभीर्याची आणि बंधनाची आठवण द्यायची. आणि मग सांगायचं की विवाह म्हणजे इतर सगळ्यांना वगळून, स्वेच्छेने, आयुष्यभरासाठी दोन व्यक्तींनी एकत्र येणं. पूर्वी तिथे 'एक पुरुष आणि एक स्त्री' असं होतं. ९ डिसेंबर २०१७ ला कायदा बदलला तेव्हापासून 'दोन व्यक्ती'. पाच वर्षं घोकलेलं वाक्य जिभेवरून पुसायला मला महिनाभर भांडी घासताना पुटपुटावं लागलं.

या बोलण्याला आम्ही सेलिब्रंट लोक 'मोनिटम' म्हणतो. लॅटिन शब्द आहे, अर्थ 'इशारा'. कोर्समध्ये हा अर्थ कळला तेव्हा मी बाकावर ताठच झाले. अहो, हे तर आपलं 'सावधान'! मंगलाष्टकाच्या प्रत्येक कडव्याशेवटी आपण म्हणतो ते. म्हणताना हातातल्या अक्षता टाकायच्या एवढंच आपल्या डोक्यात असतं. त्या शब्दाचा अर्थ ऐकणारा आपल्या इतिहासात एकच वर निघाला, समर्थ रामदास. आणि तो बोहल्यावरून पळाला अशी कथा आहे. वधू पळाल्याची कथा मात्र मी ऐकलेली नाही.

तेव्हापासून माझी पद्धत ठरून गेली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं संपत आलेली, शेवटचं 'सावधान' झालं की अंतरपाट दूर व्हायच्या आधी मी ते इशाऱ्याचं वाक्य मराठीत आणि इंग्रजीत म्हणते. मग अंतरपाट निघतो, आणि दोघं एकमेकांकडे बघून, जमलेल्यांना साक्ष ठेवून, मी हिला पत्नी म्हणून, मी ह्याला पती म्हणून पत्करतो, पत्करते, असं आपापल्या तोंडाने म्हणतात. ते म्हणणं कायद्याने आवश्यक आहे. दुसऱ्या कुणी त्यांच्या वतीने म्हणून चालत नाही. मग हार. गुरुजींनी आधी कुरकुर केली, आता तेच मला फोन करतात, "ताई, तुमचं ते वाक्य अमुक वाजता बसवूया."

ज्यांच्या मुली तिकडे द्यायच्या आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी इथेच सांगून ठेवते. लग्नाची नोटीस कमीत कमी महिनाभर आधी सेलिब्रंटकडे द्यावी लागते आणि ती अठरा महिने चालते. "पुढच्या शनिवारी लावून टाका" असं होत नाही. अठरा वर्षांवरचे दोन साक्षीदार लागतात. आणि इथे नाशिकला वाजतगाजत लग्न झालेलं असेल तर तिकडे पुन्हा कायद्याचं लग्न लागत नाही. एकदा झालं ते झालं. हौस म्हणून समारंभ करा, पण कागद इथलाच. तिकडे लग्न लागलं तर त्या दिवशी हातात मिळतो तो सुंदर छापलेला दाखला फ्रेम करायला छान, पण पासपोर्टावर नाव बदलायला तो पुरत नाही. आम्ही १४ दिवसांत कागद राज्याच्या निबंधकाकडे पाठवतो. त्यांच्याकडून खरा दाखला मागवून घ्यायचा आणि तो मुलीजवळ ठेवायचा. मुलीजवळ, हं.

मार्च २०२० च्या शेवटी करोनामुळे सरकारने लग्नाला पाचच माणसं ठेवली: वधू, वर, दोन साक्षीदार आणि सेलिब्रंट. आई नाही, बाप नाही, गुरुजीही नाहीत. पण सेलिब्रंट हवी! एका लग्नात मीच अंतरपाटाचं एक टोक धरलं, दुसरं खिडकीच्या कडीला बांधलं आणि फोनमधून मंगलाष्टकं वाजवली. त्या वर्षी ह्यांनी वहीचं नाव काढलं नाही.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

१२ जून २०२४ पासून तिथल्या कायद्यात एक कलम वाढलं. लग्नाआधी सेलिब्रंटने वधूला आणि वराला वेगवेगळं, समोरासमोर भेटलंच पाहिजे. एकाच्या समोर दुसरा नको, घरचं कुणी नको. कशासाठी? तर संमती खरी आहे ना, हे बघायला. तिकडे मार्च २०१३ पासून जबरदस्तीचं लग्न हा गुन्हा आहे. ठरवून केलेलं लग्न गुन्हा नव्हे, हे प्रशिक्षणात शंभरदा सांगतात. दोन्हींतली रेघ कुठे आहे ते बघणं तुमचं काम. माझ्या गोऱ्या सहकारी मैत्रिणींना ही रेघ सोपी वाटते. त्या मला विचारतात, "तुमच्यात ठरवून लग्न होतं तेव्हा मुलगी 'हो' कधी म्हणते?"

काय सांगू? माझं लग्न १९८९ साली झालं. कराडला आमच्या घरी पोहे झाले, चार दिवसांनी सांगलीहून निरोप आला, 'मुलगी पसंत आहे.' घरात आनंदीआनंद, आईने देवापुढे साखर ठेवली. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी 'हो' म्हटलं असतं, हे मी आज शपथेवर सांगेन. ह्यांच्यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतं आणि नाही. पण विचारलं नाही हेही खरंच. तुमच्यापैकी कितीजणींना विचारलं होतं?

तर २०२५ च्या मार्चमधली गोष्ट. ओळख पटेल असं मी काही लिहीत नाही. गावं, वयं सगळं बाजूला ठेवलंय. मुलगी महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातली. मुलगा तिकडे नोकरीला, तिकडचा नागरिक. लग्न करण्यासाठी म्हणून एक व्हिसा मिळतो, त्यावर ती आलेली. त्या व्हिसाला मुदत असते. त्या आत लग्न झालं तर पुढचा रस्ता खुला, नाही झालं तर परत. नोटीस आधीच मुलाने माझ्याकडे दिली होती. नोटिशीवर सुरुवातीला एकाची सही चालते, दुसऱ्याची लग्नाआधी माझ्यासमोर व्हावी लागते.

मुलगा, त्याची आई आणि ती, असे तिघे आले. आई चांगल्या बोलक्या, हौशी. लग्नाचा हॉल, केटरर, शालू, सगळं त्यांनी सांगितलं. मी मुलीला विचारलं, "प्रवास कसा झाला?" उत्तर आईंनी दिलं. "इथली थंडी मानवली का?" तेही आईंनी. मग ओळखीसाठी पासपोर्ट मागितला, तर आईंनी स्वतःच्या पर्समधून काढून दिला.

आमच्या प्रशिक्षणात अशा खुणा सांगितलेल्या असतात. पण मी तुमच्याआमच्यातलीच बाई आहे. सासू सुनेचा पासपोर्ट सांभाळते, दागिने सांभाळते, यात आपल्याकडे विशेष काय? माझ्या सासूबाईंनी माझं मंगळसूत्र सोडून सगळं सहा वर्षं आपल्या कपाटात ठेवलं होतं, तेही काळजीपोटीच. म्हणून मी मनात म्हटलं, उगाच नाटक करायचं नाही. कायद्याप्रमाणे दोघांना वेगळं भेटायचं, एवढंच.

आधी मुलाला भेटले. सज्जन मुलगा. "तुला हे लग्न करायचंय ना?" म्हटल्यावर म्हणाला, "आईला ती फार आवडलीय." मी म्हटलं, "आणि तुला?" तो थोडा वेळ थांबून म्हणाला, "आवडेल की, मावशी." त्यालाही याआधी कुणी विचारलं नसावं, असं मला वाटलं.

मग मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं, दार ओढून घेतलं. तिने आल्याबरोबर सिंकमधले कप विसळायला घेतले. मी नळ बंद केला. म्हटलं, "तुला हे लग्न करायचंय का गं?"

ती म्हणाली, "आता नाही म्हणून कसं चालेल?"

हे वाक्य इंग्रजीत कसं करायचं ते मला आजही कळलेलं नाही. ते 'हो' नव्हतं. 'नाही'ही नव्हतं. आपल्याकडच्या किती बायकांनी किती प्रसंगी हेच वाक्य म्हटलं असेल! दुभाषा असता तर त्याने 'ती तयार आहे' असं सांगून टाकलं असतं आणि कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं. पण मला मराठी येत होतं. तीच तर अडचण.

मी विचारलं, "चालणार असतं तर?" ती बराच वेळ बोलली नाही. मग हळूहळू बोलली. आल्यापासून तीन आठवड्यांत तो तिच्याशी एकदाही एकटा बोलला नव्हता. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, तसं काही नाही. तिला फक्त थोडे दिवस हवे होते. गावी फोन केला तर वडील म्हणाले, हॉलचे पैसे भरलेत त्यांनी. पासपोर्ट कुठे असतो तो माझ्या घरी आल्यावरच तिला कळला.

मी तिला मदतीचे नंबर लिहून दिले, चुरगळलेल्या किराणा यादीच्या मागे, म्हणजे कुणाला कळू नये. आणि सांगितलं, तुझ्या तोंडून 'हो' ऐकल्याशिवाय मी हे लग्न लावणार नाही. आणि ते ऐकायची मला घाई नाही, व्हिसाला अजून पाच महिने आहेत. मग बाहेर येऊन पासपोर्ट आईंच्या हातात न देता तिच्या हातात दिला. म्हटलं, "इथे असंच करावं लागतं हो, ज्याचा त्याच्याजवळ." आणि तारीख दोन महिने पुढे घ्यावी लागेल, असं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, दोघांशी माझं बोलणं पुरं झालेलं नाही. संमतीबद्दल शंका असताना लग्न लावायला कायद्याने मला बंदीच आहे, हेही सांगितलं.

आई काही ओरडल्या नाहीत. पर्सची चेन लावली आणि उठल्या. चार दिवसांनी मुलाचा निरोप आला, नोटीस दुसऱ्या सेलिब्रंटकडे द्या. तसं करता येतं, आणि मागितलं तर द्यावंच लागतं. मी कागद पाठवले आणि त्या बाईंना फोन केला. एवढंच सांगितलं, की मुलीला एकटीला भेटा आणि बरोबर दुभाषी घ्या, घरातली किंवा ओळखीतली नको. त्या म्हणाल्या, "समजलं."

पण आपला समाज तिकडे केवढासा! गणपतीत सगळे एका हॉलमध्ये मावतात. महिनाभरात माझ्या कानावर आलं की मी लग्नं मोडते. एका घराने मे महिन्याचं ठरलेलं काम रद्द केलं, "आजी म्हणतात घरच्याच गुरुजींच्या ओळखीचं कुणी बघू." दुसऱ्यांनी कारणही दिलं नाही. हळदीकुंकवाला गेले तर एक मैत्रीण हसत म्हणाली, "हिला आमच्या मुलीशी एकटीला बोलू देऊ नका हं!" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिळगूळ नाही, पण चैत्रातली डाळ घशाखाली उतरली नाही ती नाहीच.

जुलैत बिल आलं. त्या वर्षी हातात पैठणी तर सोडाच, साधा काठपदरही येणार नव्हता. ह्यांनी वही काढली नाही. नुसतं म्हणाले, "एकसष्ट वर्षं झाली तुला. पुरे आता. नाव आपोआप निघून जाईल, कुणाला सांगायलाही नको." त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती, म्हणून मला ते जास्त लागलं. तीन आठवडे मी ते बिल फ्रिजला चुंबकाखाली लावून ठेवलं.

सासूबाईंना फोनवर सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या सासूचीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नात मी अकरावीत होते. अंतरपाटाआड मी त्या कापडावरचं स्वस्तिक मोजत होते, कुंकवाच्या किती रेघा आहेत ते." मग म्हणाल्या, "भरलेस का गं पैसे?"

त्या मुलीचं लग्न झालं, त्याच मुलाशी. मला फोटो कुणीतरी दाखवला. छान दिसत होती. त्या बाईंनी तिला एकटीला विचारलंच असणार, कायदाच आहे. आणि तिने काय उत्तर दिलं ते मला कळणार नाही, विचारायचा मला अधिकारही नाही. कदाचित तोवर तो तिच्याशी बोलू लागला असेल. कदाचित हॉलचे पैसे. जूनमध्ये तिचा एक निरोप आला, एका ओळीचा: "मावशी, पासपोर्ट माझ्याकडेच आहे."

मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पैसे भरले. हे संगणकावर कार्डाचा नंबर घालत होते, मी मागून बघत होते. पावती आली तेव्हा म्हणाले, "झालीस पुन्हा भटजीण."

सप्टेंबरात पहिलंच काम आलं ते नागपूरकडच्या एका नर्स मुलीचं. सहा वर्षं दोघं एकमेकांना ओळखतात, एकत्र घर घेतलंय, मला काय विचारायचं असेल ते विचारून टाका म्हणाली. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, दार ओढलं. ती खो खो हसायला लागली. "अहो मावशी, हे काय पोरीच्या जातीला विचारायचं राहिलंय का आता?"

"तरी सांग."

ती हसायची थांबली. ओट्याला टेकून उभी राहिली, जरा विचार केल्यासारखी. "हो," म्हणाली. "मला करायचंय."

मी फॉर्मवर तारीख आणि वेळ घातली आणि मुलाला आत बोलावलं.